नल्लकुंट्यातला निळसर धूर

देगलूरहून पहाटेच्या बसने हैदराबादला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि मोटारसायकलचं सामान जास्त होतं. नवा प्लग, पेट्रोलची नळी, पाने, आणि त्यांच्यावर बायकोने फडक्यात बांधून दिलेल्या दशम्या. मी स्वतःची गाडी घरीच दुरुस्त करतो, एवढ्यावरून नातेवाइकांत माझं नाव झालं आहे. ते नाव आज जाणार, अशी मदनूर मागे पडायच्या आतच माझी खात्री झाली होती.

काम सांगायला सोपं होतं. नल्लकुंट्यात माझी मावशी आणि काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेली कित्येक वर्षं भाड्याच्या घरात राहतात. घरमालक आता ते घर पाडणार होता. सामान न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो ठरला होता आणि दोघं लेकीच्या फ्लॅटवर जाणार होती. पण काका अडून बसले होते. काही वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू पॅरालिसिसने गेली, बोलणं तुटक झालं, आणि तेव्हापासून त्यांची मोटारसायकल जिन्याखाली ताडपत्रीत उभी. त्यांची अट एकच होती. गाडी मी देगलूरला न्यावी, पण ती फाटकातून चालू होऊन बाहेर पडली पाहिजे. ढकलत नाही. तशी निघाली नाही तर तेही निघणार नव्हते.

मावशी दारातच उभी होती. "आलास, गणेश? सकाळपासून परेशान करून सोडलंय यांनी. गाडी, गाडी, गाडी."

तिने आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी आणि गोंगुरा (आपली अंबाडीच, पण इकडे तिला मावशीसुद्धा गोंगुराच म्हणते). एरवी मी दोनदा मागून खातो, त्या दिवशी एका भाकरीवरच उठलो. काका खिडकीशी खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. डॉक्टर निकाल सांगणार असला की घरचे बघतात, तसं.

ताडपत्री काढली. गाडी माझ्या अंदाजापेक्षा स्वच्छ निघाली. हॅंडलवर वाळलेली हळद होती आणि इंजिनाच्या तेलाच्या बुचावरही हळदीचं एक बोट. पूजा केली असेल म्हणून मी पुढे गेलो. सडकं पेट्रोल काढून नवं भरलं, नळी बदलली, प्लग बदलला.

"मावशी, इंजिनात तेल कसं आहे?"

"तेलाची काळजी नक्को करू," ती ठामपणे म्हणाली. "तेल भरपूर आहे."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. किक मारून मारून पोटरी भरून आली, आणि गाडी एकदम सुरू झाली.

तो आवाज मला अजून आठवतो. पितळी तांब्यात खडे घालून कुणी हलवावेत तशी टकटक इंजिनाच्या डोक्यातून येत होती, आणि मागून धूर. निळसर, दाट, डोळ्यांत झोंबणारा. जिना दिसेनासा झाला. वरच्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या, "अय्यो, एंत पोगा!" (केवढा हा धूर!) आणि त्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. मी गाडी बंद केली.

शेजारचे खाजाभाई, शिलाईचं दुकान चालवणारे, तोंडाला रुमाल लावून आत आले. "अंजन खल्लास है मियाँ," ते म्हणाले. "रिंगां, पिष्टन, सब गए. खोले बगैर कुच नै होता. आठ दिन तो लगतेच."

"हळू बोला," मी म्हणालो, पण खिडकी उघडी होती. काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बरकतपुऱ्यावरून नारायणगुड्यापर्यंत गॅरेज शोधत चालत गेलो. रिंग गेली असेल तर इंजिन खोलावं लागेल, आणि आजच्या आज कुणीही खोलायला तयार नव्हतं. शेवटी एका इराणी हॉटेलात टेकलो. चहा उत्तम होता, बिस्किट खुसखुशीत होतं, आणि मला दोन्ही मातीसारखी लागली. डोळ्यांसमोर रिकामं घर, बाहेर टेम्पो आणि खाटेवरून न उठणारे काका. त्यांना काय उचलून न्यायचं?

आणि तिथेच ती हळद पुन्हा आठवली. हॅंडलला हळद लावतात, चाकाला लावतात. पण इंजिनाच्या खालच्या अंगाला, वाकून शोधावं लागतं अशा बुचाला कोण हळद लावील? ज्याने ते बूच उघडलं असेल तो. मी शेजारच्या दुकानातून तेलाचा नवा डबा घेतला आणि जवळजवळ पळतच परत आलो.

बूच फिरवून काढलं. त्याला तेल मोजायची काडी असते, तिच्यावर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेच्याही वर, पार बुचाच्या आट्यांपर्यंत चढलं होतं. तेल जास्त झालं की ते जळतं आणि असाच धूर येतो. मला आशा वाटू लागली, आणि आशेचीच जास्त भीती वाटली.

"मावशी, यात तेल कुणी ओतलं?"

तिने पदर सावरला. "मीच. खांदेमळणीला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात, ती खांदेमळणी. काका शेतकऱ्याच्या घरातले. नोकरीसाठी इथे आले, बैल गावाकडे राहिले, पण दरवर्षी त्या दिवशी ते गाडी धूत, हळद लावत आणि इंजिनात नवं तेल ओतत. ते आजारी पडल्यावर मावशीने नेम मोडू दिला नव्हता.

"यांच्या गाडीच्या तेलाच्या डब्यात होतं त्यातलंच घातलं. दर साली वाटीभर."

"आणि जुनं काढलं नाहीस?"

"जुनं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "काढतात?"

काका भल्या पहाटे अंगणात जुनं तेल काढून ठेवत. तेव्हा ती चुलीपुढे पुरण शिजवत असे. हळदीची वाटी घेऊन ती बाहेर येई तेव्हा फक्त ओतायचं राहिलेलं असे. इतक्या वर्षांत तिने ओतणं तेवढं पाहिलं होतं.

खिडकीतून घुर्र असा आवाज आला. मी घाबरून वर पाहिलं. काका हसत होते. अर्धा चेहरा जागचा हलत नव्हता, उरलेला अर्धा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जुनं... आधी... काढायचं," ते म्हणाले.

"मग सांगायचं होतं की!" मावशी कडाडली. "जन्म गेला, एका शब्दानं सांगितलं नाही!" आणि तीही रडत हसली.

तिची जुनी बादली खाली ठेवून मी तळाचा नट सोडला. काळं तेल पडत राहिलं, थांबायचं नाव घेईना. मग डब्यातलं नवं तेल मापात ओतलं. किक मारली. पुन्हा टकटक, पुन्हा धूर. पण सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळायला वेळ लागणार हे मला माहीत होतं, म्हणून दात आवळून गाडी चालूच ठेवली. खाजाभाई नुसते मान हलवत होते. हळूहळू मागची भिंत दिसायला लागली, मग भिंतीवरची पाल. टकटकही बसत बसत थोडीशी उरली.

काकांनी कान दिला होता. "टॅपेट," ते म्हणाले. म्हणजे उरलेली टकटक इंजिनाच्या डोक्यातल्या त्या स्क्रूची होती, रिंगची नव्हे.

निघताना मावशीने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून अंगणात आणलं. हॅंडलला हळद लावली आणि बोटाला उरलेली काकांच्या उजव्या खांद्याला पुसली. गाडी फाटकातून आवाज करत बाहेर पडली.

परतीचा रस्ता सुंदर आहे असं म्हणतात. मी तो आरशात पाहिला. पटनचेरूपर्यंतची गर्दी, संगारेड्डीच्या पुढचं मोकळं आभाळ, पिटलमजवळची काळी रानं, सगळं मागून धूर येतोय का ते बघताना जे दिसलं तेवढंच. धूर आला नाही. जोगीपेठजवळ थांबून बूच तपासलं तेव्हा एका गुराख्याने विचारलं, "बंडी कराब?" (गाडी बिघडली?) मी म्हणालो, "नाही, मीच."

रात्री जेवणवेळेला देगलूरला पोचलो. पोरं गाडीभोवती जमली आणि मला एक गोष्ट राहून राहून वाटत होती. मावशीने इतकी वर्षं ते बूच उघडलं, वाटी रिकामी केली, आणि काकांना ते कळू दिलं नाही. त्या धुराला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पण काकांचंही खरं होतं, जुनं आधी काढायचं.

फोन लावला. "पोचलास?" मावशी म्हणाली. "हे तासाभरापासून फोनकडंच बघत बसलेत. सकाळी टेम्पो येतोय, पण गाडी नीट पोचली कळल्याबिगर हे हो म्हणंनात. घे, तूच बोल."

पलीकडून काकांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी गाडी सुरू केली आणि फोन इंजिनाजवळ धरला. बराच वेळ धरला.

"टॅपेट... ढिला आहे... आवळ," काका म्हणाले. मग थांबून, एकेक शब्द उचलत, "उद्या... आम्ही... निघतो."