खाणीतली करकर

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण लिफ्टच्या दाराशी उभा राहून, डोळे मिटून तो सांगायचा, "वरच्या कप्पीचं बेअरिंग कोरडं पडलंय," आणि वर जाऊन पाहावं तर तसंच निघायचं. बावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. नवे मेकॅनिक मीटर लावून बसत, हा भिंतीला कान लावायचा.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका जुन्या इमारतीत त्याला असाच एक आवाज ऐकू आला होता. त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "सोमवारी बघू." रविवारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये धाडकन बसली आणि आतल्या म्हाताऱ्या बाईंचा घोटा मोडला. तेव्हापासून त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला: कानाला आलं की तोंडाने बोलायचं, मग समोर कुणी का असेना.

अशा माणसाला तीन दिवस दोन लहान मुलं घेऊन थीम पार्कला जायची वेळ आली, तीही एकट्याने. बेत मुळात बायकोचा. ती इस्पितळात नर्स. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या वॉर्डातल्या दोघी तापाने झोपल्या आणि तिची रजा गेली. तिकिटं काही परत होणारी नव्हती.

"अहो, जमेल तुम्हाला," बॅग भरता भरता ती म्हणाली. "टिल्लूला शू आली का असं विचारायचं नाही, सरळ घेऊन जायचं. आणि वकीलबाईंशी वाद घालायचा नाही."

टिल्लू म्हणजे धाकटा, चार वर्षांचा. वकीलबाई म्हणजे थोरली. वय वर्षं सात, पण कुठल्याही गोष्टीत 'तू काल म्हणाला होतास' असा पुरावा काढण्यात वस्ताद.

पार्कच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच कानसेनचं डोकं चक्रावलं. भला मोठा खडक दिसला म्हणून त्याने सवयीने बोटाने टकटक केलं, तर खडक डब्यासारखा पोकळ वाजला. झाडाच्या बुंध्यातून गरम हवा येत होती. आत पंखा होता. एका लोखंडी पुलाचे खिळे गंजून लाल झालेले पाहून तो चरकला, खाली वाकून त्याने गंज खरवडला, तर तो रंग निघाला. कुणीतरी ब्रश घेऊन, वेळ खर्चून, चांगल्या खिळ्यांवर गंज रंगवला होता.

"असं कशाला करतात?" त्याने विचारलं.

"जुनं वाटावं म्हणून," वकीलबाई म्हणाली.

"पण नवं आहे ना?"

"म्हणूनच तर!"

टिल्लूने तेवढ्यात जाहीर केलं की त्याला शू आलेली नाही, म्हणून तो त्याला सरळ घेऊन गेला.

थोरलीचा जीव अडकला होता 'जुन्या खाणी'त. महिनाभर तिने त्या पाळण्याचं चित्र उशाशी ठेवलं होतं. डब्यात बसायचं, अंधाऱ्या बोगद्यातून वर चढायचं आणि मग सुसाट खाली. पट्टी लावून टिल्लूची उंची मोजली, तो कसाबसा पास झाला, आणि तिघं रांगेत लागले. रांग मारुतीच्या शेपटासारखी. पाऊण तास उन्हात सरकत सरकत ते बोगद्याच्या तोंडाशी आले, पुढे आता आठच माणसं उरली, आणि कानसेनने कान टवकारले.

कर्र... कर्र... टक्. कर्र... कर्र... टक्.

डबे वर चढताना येत होता तो आवाज. चेन चाकाचे दात सोडत होती. त्याखाली एक बारीक किंचाळी होती, ती कोरड्या बेअरिंगची. आणखी दोन खेपा त्याने ऐकल्या, न जाणो आपलीच चूक होत असेल. चूक नव्हती.

"चला," त्याने दोघांचे हात धरले. "आपण इथे नाही बसायचं."

"का?" थोरली किंचाळली. "तू काल म्हणाला होतास! तू आजसुद्धा म्हणाला होतास!"

खाणीच्या फाटकावर एक मुलगी उभी होती. डोक्यावर खाणकामगाराची टोपी, गालांवर काजळी. ती काजळीही रंगवलेलीच. कानसेन तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, चेन सरकतेय. पाळणा थांबवा."

ती गोड हसली. "घाबरू नका सर, मजा येते!"

"मी घाबरलेलो नाही. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरांच्या आधी बापाचीच पाचावर धारण बसली," आणि रांग हसली. कानसेनची कानशिलं तापली. पण मागे उभ्या असलेल्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. निळी छत्री, कडेवर लेक. "काय म्हणालात? चेन?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता रांगेतून बाहेर पडल्या. त्यांच्या मागे अजून एक कुटुंब बाहेर पडलं. मग अजून दोन. टोपीवाल्या मुलीचं हसू मावळलं, तिने खिशातून वॉकीटॉकी काढला, आणि दोन मिनिटांत खाण थांबली.

आता मात्र कानसेनला घाम फुटला. थोरली भोकाड पसरून रडत होती. दोनेकशे माणसं त्याच्याकडे बघत होती. टिल्लूने शांतपणे विचारलं, "बाबा, तू खाण मोडलीस?"

"नाही रे. मोडलेलीच आहे." असं म्हणाला खरा, पण पाळणा थांबल्यावर आवाजही थांबला होता, आणि आवाजच नाही म्हटल्यावर त्याला आपल्याच कानांचा भरवसा वाटेना. लिफ्टच्या खोलीत तो एकटा असतो. इथे चारी बाजूंनी ढोल, शिट्ट्या, पोरांच्या किंकाळ्या. कशातलं काय ऐकलं असेल आपण?

पार्कची तंत्रज्ञ आली. पन्नाशीची बाई, करडा डगला. कानसेनने आधी तिची नखं पाहिली. नखांत खरं ग्रीस होतं. त्याला एकदम हायसं वाटलं.

"कसला आवाज?" तिने विचारलं.

भर गर्दीत, लाज सोडून, त्याने आवाज काढून दाखवला. "कर्र, कर्र, टक्. आणि खाली एक बारीक ईं..."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "ईंसुद्धा ऐकू आलं तुम्हाला?" मग म्हणाली, "या माझ्याबरोबर. मुलांनाही आणा."

बाजूच्या छोट्या दारातून ती त्यांना बोगद्याच्या पाठीमागे घेऊन गेली. तिथे लाकडी खांबाआड एक काळी पेटी टांगलेली होती. तिने हातातल्या यंत्रावर डबे चालू केले. कर्र, कर्र, टक्. मग पेटीखालचं एक बटण दाबलं.

आवाज बंद. डबे मात्र वर चढतच होते, मांजराच्या पावलांनी. रबराची चाकं, पट्ट्यावरची चढण. तिथे चेन नव्हतीच.

"स्पीकर आहे," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी आवाजाविनाच चालवलं. लोक म्हणाले, यात काय मजा? मग आम्ही हा आवाज तयार केला. तीन महिने लागले."

"तीन महिने?" कानसेन म्हणाला. "बाई, मी बावीस वर्षं हाच आवाज काढून टाकतोय."

तिला हसू आवरेना. त्यालाही हसावंसं वाटलं, पण हसू अर्ध्यावरच अडकलं. "पण मग," त्याने विचारलं, "खरोखर काही बिघडलं, तर तुम्हाला ऐकू कसं येणार?"

"सेन्सर आहेत. कंप वाढला की डबे आपोआप थांबतात. आणि रोज सकाळी सात वाजता मी ही पेटी बंद ठेवून एक फेरी मारते."

"कानाने?"

"कानानेच," ती म्हणाली.

त्याचं समाधान झालं की नाही, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. सगळं बरोबर होतं, आणि तरी काहीतरी उलटं होतं. कुठलं टोक धरून ओढावं तेच सापडेना.

"खाण थांबलेलीच आहे," तंत्रज्ञ म्हणाली. "तिघं बसता का? आवाज न लावता सोडते. मग विश्वास बसेल."

"आवाज हवा!" थोरली म्हणाली.

"आवाज नको," टिल्लू म्हणाला.

बापाने टिल्लूची बाजू घेतली, आणि तिथेच फसला. डबा हलला तो लोण्यातून सुरी फिरावी तसा. अंधार झाला. चढण आहे हे फक्त पाठीला कळत होतं. कानाला काही म्हणजे काहीच नव्हतं. जन्मभर तो यंत्राचं बोलणं ऐकून ओळखत आला होता की आता थांबेल, आता वळेल, आता दचका बसेल. हे यंत्र मुकं होतं. किती वर आलो, कडा किती पुढे आहे, कशाचा पत्ता नाही. त्याने दोन्ही हातांनी दांडा घट्ट आवळला आणि तोंडातून निघून गेलं, "अगं आई गं!"

"बाबा, खोटं आहे सगळं," अंधारातून थोरली म्हणाली आणि तिने त्याच्या बाहीला धरलं. तेवढ्यात डबा खाली कोसळला.

खाली आल्यावर टिल्लू टाळ्या वाजवत होता. थोरली नाक मुरडून म्हणाली, "ही कसली खाण? हे तर पाळणाघर!" तंत्रज्ञाने विचारलं, "पटलं?"

"पटलं," तो म्हणाला. "पण आता एकदा आवाज लावून सोडा."

तिने बटण दाबलं. या खेपेला कर्र, कर्र, टक् सुरू झालं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आवाज खोटा होता, तो ज्याचा होता ती चेन या जगात नव्हती, आणि तरी तो त्याच्या आधाराने चढण मोजत, थोरलीच्या बरोबरीने ओरडत खाली आला.

बाहेर निळ्या छत्रीच्या बाई थांबलेल्या होत्या. "काय निघालं हो? बिघडलं होतं ना?"

"नाही. ठीक आहे."

"मग आवाज?"

"आवाज बिघडल्याचाच आहे. पण बिघडलेलं काही नाही."

"म्हणजे? मी लेकीला घेऊन बसू की नको?"

कानसेनने बराच विचार केला. एवढा साधा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि एवढं अवघड उत्तरही कधी द्यावं लागलं नव्हतं. "बसा," तो शेवटी म्हणाला. "मी दोनदा बसून आलो."

बाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि लेकीला घेऊन आइस्क्रीमच्या गाडीकडे वळल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीतून त्याने बायकोला फोन केला. टिल्लू बुटांसकट वरच्या पलंगावर झोपला होता. थोरली फोनकडे धावली. "आई, बाबाने खाण बंद पाडली! सगळ्यांनी बघितलं!" हाच किस्सा तिने पुढे शाळेतही सांगितला, आणि त्यात खाण खरोखरच मोडलेली असते आणि तिचा बाबा सगळ्यांना वाचवतो. त्याने एकदोनदा दुरुस्ती करून पाहिली. कुणी ऐकून घेतलं नाही.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. त्याने पहिल्यापासून सांगायला घेतलं: खिळे, गंज, पेटी, बटण. मध्येच ती म्हणाली, "थांबा, थांबा. म्हणजे पाळणा चांगला होता?"

"हो."

"आणि तुम्ही घाबरलात ते केव्हा? आवाज असताना की नसताना?"

"रांगेत असताना आवाजाला. आत बसल्यावर आवाज नव्हता त्याला."

"मला नाही समजलं."

"मलाही नाही," तो म्हणाला.

वॉर्डात घंटा वाजली तशी ती घाईने म्हणाली, "बरं, मजा आली का तेवढं सांगा."

मजा आली का? त्याने पलंगाच्या शिडीवर हात ठेवला, आजचा अख्खा दिवस आठवून पाहिला. "उद्या सकाळी परत खाणीतच जायचं म्हणतायत," तो म्हणाला.

"कोण, मुलं?"

"थोरली म्हणतेय. टिल्लूला ते बदकांचं तळं हवंय."

"मग एकास एक झालं."

"नाही," कानसेन म्हणाला, "खाणीला दोन मतं आहेत," आणि टिल्लूच्या पायांतले बूट काढू लागला.