विचारलं तेवढंच सांगा

गावाकडं मला बॅरिस्टर म्हणतात. विलायत मी पाहिलेली नाही. नाशिकच्या कोर्टात फौजदारी बचाव करतो आणि हाती पडेल तो दिवाणी दावा चालवतो. बॅरिस्टर वेगळा आणि वकील वेगळा, असं एकदा एका नातलगाला समजावून पाहिलं. ते म्हणाले, खोटंच बोलायचं ना दोघांनी? तेव्हापासून खुलासे करणं सोडलं.

खरं तर खोटं मला बोलावंच लागत नाही. समोरच्याला खरं पुरतं बोलू दिलं नाही की काम भागतं.

माझी सगळ्यात गाजलेली उलटतपासणी अशीच होती. गाजलेली म्हणजे वकिलांच्या बार रूममध्ये चहाच्या प्रत्येक कपाबरोबर मीच ती गाजवली. अशील निफाडकडचा एक तरणा मुलगा. दिंडोरी रस्त्याला एका शेतमजुराला दिवस मावळताना मागून दांडकं घालून त्याचा हात मोडला, असा त्याच्यावर आरोप. मजुरानं मारणाऱ्याला पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं फक्त शेजारच्या वावरात झेंडू तोडणाऱ्या एका म्हातारीनं, आणि सगळी केस तिच्या साक्षीवर उभी होती.

मी फार अदबीनं विचारलं, "आजी, अंधारून आल्यावर लांबून तुम्हाला माणसाचं तोंड ओळखू येतं का?"

"नाय, पन..."

"विचारलं तेवढंच सांगा, आजी."

तिनं न्यायाधीशांकडं पाहिलं, मग सरकारी वकिलांकडं. साक्षीदाराचं असं अर्धवट राहिलेलं बोलणं फेरतपासणीत पुरं करून घेता येतं, आणि ते काम सरकारी वकिलांचं होतं. पण ते ढिगातून पुढची फाईल शोधत होते. मुलगा सुटला. तेव्हापासून दर हंगामाला तो माझ्या ऑफिसात द्राक्षांची पेटी आणून ठेवतो आणि पाया पडतो.

काही वर्षांनी ती म्हातारी माझ्या ऑफिसात आली. मला वाटलं, शिव्या द्यायला आली असेल. ती वकीलपत्र द्यायला आली होती. तिच्या शेजारची जमीन एका बागायतदारानं घेतली होती आणि विहिरीच्या बांधावरून जाणाऱ्या तिच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं होतं. त्याच वाटेनं ती आणि तिची सून रोज पहाटे फुलांचे क्रेट डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यावर टेम्पो गाठायच्या. आता नाल्यातून वळसा घालावा लागे, टेम्पो निघून जाई आणि तोडलेली फुलं बांधावरच सुकत. वाट गेली तर वावर विकावं लागणार होतं. घेणारा कोण, हे सांगायला वकील नको.

नाशिकमध्ये वकिलांचा काही दुष्काळ नाही. मी विचारलं, माझ्याकडेच का आलात?

"तुमी मला बोलू दिलं नाय," ती म्हणाली. "म्हटलं, आपल्याला वकील आसाच पायजे."

ही स्तुती आहे असं समजून मी केस घेतली.

बागायतदाराचं म्हणणं, बांधावर वाट कधी नव्हतीच, बाई पहिल्यापासून नाल्यानंच जायची. त्याचे वकील बार रूममध्ये माझ्याच टेबलावर चहा प्यायचे. म्हातारी साक्षीला उभी राहिली तेव्हा ते हातात एक कागद घेऊन उठले, आणि तो काय आहे ते मला शिक्का दिसण्याआधी कळलं. तिच्या जुन्या साक्षीची नक्कल. अंधारात तोंड ओळखू येत नाही असं तुम्ही शपथेवर सांगितलंय, ते म्हणाले. मग पहाटेच्या अंधारात पायाखालचा बांध तुम्हाला दिसत होता का?

"नाय, पन..."

"विचारलं तेवढंच सांगा, आजी."

अदबसुद्धा माझीच उचलली होती. करावं तसं भरावं म्हणतात. इथं केलं होतं मी आणि भरणार होती म्हातारी.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला लाज वाटली. इतक्या वर्षांच्या वकिलीत कोर्टात लाज वाटण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे त्या लाजेचं काय करायचं ते चटकन सुचेना. मग उठलो आणि फेरतपासणीची परवानगी मागितली.

"आजी, त्या 'नाही, पण'च्या पुढं तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"कोन्त्या येळचं? आजचं का त्या येळचं?"

मागं कुणीतरी हसलं. आजचं, मी म्हणालो.

"वाट डोळ्यानं कोन बघतं, सायेब? इहिरीपाशी दगडाची पायरी लागती, फुडं आंब्याची मुळी, मंग उतार. पाय ठेवला का कळतं." आणि श्वास घेऊन ती तशीच पुढं बोलत राहिली. "आन् त्या येळला तोंड नवतं दिसलं, पन पोरगं उजवा पाय घाशीत पळालं. मी चालीवरून वळखलं त्याला. तेवढंच सांगायचं राह्यलं व्हतं."

न्यायाधीशांनी पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्याचा या दाव्याशी संबंध नाही म्हणून सोडून दिलं, आणि कायद्यानं ते बरोबरच होतं.

कोर्टानं नेमलेला माणूस जागेवर जाऊन पाहून आला. पायरी, मुळी, उतार, सगळं सापडलं, तारेच्या पलीकडं आणि तिनं सांगितलेल्या क्रमानं. वाट मोकळी झाली. दसऱ्याला तिनं माझ्या ऑफिसच्या दारासाठी झेंडूचं तोरण पाठवलं. ही केस मी बार रूममध्ये सांगत नाही.

द्राक्षांचा हंगाम आला की एखाद्या दुपारी जिन्यावर पावलं वाजतात. एक टेकत येतं, एक घासत. इतकी वर्षं हा जिना तो चढत होता आणि मला कधी ऐकू आलं नव्हतं. आता फायलीतून मान वर काढायच्या आधीच मला कळतं, पेटी घेऊन कोण आलंय.