दोरीने बांधलेले पाच खंड

भूकंपानंतर ग्योतोकु या जपानी उपनगरातली आमच्या ओळखीची निम्मी मराठी घरं पुण्या-मुंबईला निघून गेली. नवऱ्याचं तोयोसुतलं ऑफिस चालू होतं, म्हणून आम्ही राहिलो. धक्के अजून बसतच होते. दाराशी पाणी, टॉर्च आणि पासपोर्टांची पिशवी तयार होती. तिच्याशेजारी मी पाच जाड पुस्तकं पांढऱ्या दोरीने उभी-आडवी करकचून बांधून ठेवली होती. पळायची वेळ आलीच तर उचलायला सोपं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज तत्त्वचिंतकाचं, समीक्षकाचं ते समग्र लेखन. कादंबरीपासून नीतिशास्त्रापर्यंत सगळ्याची हा गृहस्थ चिरफाड करतो, पण मूळ हट्ट एकच: जे मनापासून पटत नाही, त्याला मान डोलवायची नाही. त्याच्यावर मी पुण्यात पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. लग्न करून इकडे निघाले तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी स्वतःच्या कपाटातले हे खंड माझ्या हातात ठेवले. दर महिन्याला मी त्यांना फोन करायचे आणि सांगायचे, "सर, तिसरं प्रकरण चाललंय." चार वर्षं तेच तिसरं प्रकरण चाललं होतं.

एका गुरुवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर दाराशी नुसती पिशवी.

"पुस्तकं कुठायत?"

"खाली ठेवून आलो," नवरा बूट घालत म्हणाला. "आज पेपरचा दिवस ना?"

त्याला तरी काय बोलणार? इथे रद्दी अशीच बांधतात, अशाच पांढऱ्या दोरीने, आणि ठरलेल्या वारी कोपऱ्यावर ठेवतात. ते त्याच्या डोक्यात बसवलं होतं मीच. आपल्याकडे जपायचं ते बांधून ठेवतात आणि इथे टाकायचं ते, हे त्या सकाळी दोघांच्याही लक्षात आलं नाही. ओल्या केसांनी, अनवाणी खाली धावले. कोपरा झाडून लख्ख केलेला होता. या देशाच्या वक्तशीरपणाचं मला एरवी फार कौतुक. त्या दिवशी त्याचा संताप आला.

नवऱ्यावर ओरडले, मग रडले. रडता रडता मनात आलं, सुटले बाई एकदाची! त्या विचाराची मला लाज वाटली, तरी तो जाईना.

दुपारी सरांना फोन करून झालेलं सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे प्रबंध अडलाच की गं तुझा."

बिचाऱ्यांनी आयती सबब हातात दिली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चार वर्षांची थाप पचली असती. पण तोंडातून ते निघेना.

"नाही सर. इकडे आल्यापासून मी ते खंड उघडलेच नाहीत. तिसरं प्रकरण नाहीच आहे. आणि खरं सांगू? मला ते लिहायचंही नाहीये. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."



"शेवटच्या दोन खंडांची पानं एकमेकांना जोडलेलीच होती," सर हळूच म्हणाले. "जुनी पुस्तकं तशीच यायची. वाचायची तर सुरीने कापावी लागतात."

"मग?"

"मी ती कधीच कापली नाहीत. आणि तीस वर्षं हा माणूस शिकवला गं मी."