फोनचे खाडे

सिल्वासाच्या मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या रजनीबाई आंब्रे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाडे मांडत. दूधवाला आला नाही की त्या तारखेला निळं वर्तुळ, कामवाली आली नाही की फुली. १९९७ च्या ऑगस्टात त्यांनी तिसरी खूण सुरू केली, लाल टिंब. ते टिंब फोनच्या खाड्याचं होतं.

फोन बिनतारी होता, धाकट्या दिरांनी मस्कतहून आणलेला. त्याची बैठक बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून स्टुलावर असे. लाइनची वायर त्याच खिडकीतून आत येत होती. बैठकीला हातभर उंचीची अँटेना. कानाला लावायचा भाग मात्र आतल्या खोलीत, सासूबाईंच्या उशाशी. सासूबाई, म्हणजे सुमनताई, आदल्या वर्षी मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. काठी घेऊन त्या कॉटपासून शेजारच्या खुर्चीपर्यंत जात, त्यापुढे नाही. रजनीबाईंचे पती अनंतराव सकाळीच खानवेलची बस धरत; तिथल्या सर्व्हे ऑफिसात ते कारकून होते. साडेदहाला रजनीबाई शाळेत. शेजारच्या घराला दिवसभर कुलूप, नवराबायको दोघंही राखोलीच्या कारखान्यात. सरुबाई धुणंभांडी आटोपून बाराला जाई. त्यानंतर साडेपाचपर्यंत म्हातारी आणि तो फोन.

आणि फोन कधी लागे, कधी लागत नसे.

जुलैत एका दुपारी सुमनताई कॉटवरून खाली आल्या. फोन हातात होता, पण मुका. दोन तास फरशीवर पडून होत्या. मोडलं काही नाही. संध्याकाळी अनंतराव बायकोला म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. फोन सुधारला तर ठीक. नाहीतर तू नोकरी सोड."

"मीच का?"

"दुसरा काही उपाय असेल तर तुम्ही दोघी मिळून सांगा मग. आई मला उठवू देते का? खुर्चीवर बसवू देते?"

सुमनताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलाच्या हातून त्या एवढं करून घेत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रजनीबाईंनी वाद घातला नाही. गुहागरहून लग्न होऊन त्या १९८३ साली इथे आल्या, दोन वर्षं बदली शिक्षिका म्हणून वेगवेगळ्या वर्गांवर उभ्या राहिल्या आणि मग कायम झाल्या. ती नोकरी एका यंत्रापायी सोडायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. दसऱ्याला अडीच महिने होते.

मधल्या सुट्टीत, एक वाजून वीस मिनिटांनी, त्या हेडमास्तरांच्या खोलीतून घरी फोन लावू लागल्या. सुमनताईंनी उचलला तर काही नाही, न उचलला तर टिंब.

"बाहेर ते खणखणतंय, मला ऐकू येतंय," सुमनताई संध्याकाळी सांगत, "आणि माझ्या हातात नुसती साबणाची वडी. दाबते, बोलते, हॅलो हॅलो करते. वेड लागलंय म्हणतील लोक."

वापी रस्त्यावर रेडिओ-टीव्हीचं दुकान असलेला भास्कर तीनदा येऊन गेला. दिवसभर दुकान सोडता येत नसल्याने तो संध्याकाळी सहानंतर येई आणि दर वेळी फोन व्यवस्थित चाले. पहिल्यांदा त्याने बॅटरी बदलली, दुसऱ्यांदा अ‍ॅडाप्टर. तिसऱ्यांदा त्याने फोन घेऊन अंगणात फेरी मारली, स्वतःच्या घरी फोन लावून बोलला आणि परत येऊन म्हणाला, "बाई, बंद पडलेला दाखवा. चालू फोन कोण रिपेर करतं?"

"बंद असतो तेव्हा तुम्ही नसता."

"मग त्याला माझी भीती वाटते, असं समजा," म्हणत त्याने चहा संपवला.

अनंतरावांचं मत होतं की दिवसा कारखाने व्होल्टेज खेचतात. रजनीबाईंनी शेजारच्यांना तिथल्या सगळ्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार विचारला. गुरुवार. कॅलेंडर पाहिलं, तर चारपैकी तीन गुरुवारांवर लाल टिंब. व्होल्टेज बाद. मग पाऊस. कोरड्या दिवसांवरही टिंबं होती. पाऊस बाद.

ऑगस्ट संपला तेव्हा त्यांनी कॅलेंडर उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शाळेचे चोवीस दिवस, त्यांत पंधरा टिंबं. नऊ दिवस फोन धड चालला होता. त्या नऊ तारखांवर त्यांनी बोट फिरवलं आणि थांबल्या. नऊच्या नऊ तारखांवर फुली होती. सरुबाईला त्या महिन्यात मलेरिया झाला होता, दोन हप्त्यांत मिळून ती नऊ दिवस आली नव्हती. तिचा खाडा, त्या दिवशी फोन हजर. ती हजर, त्या दिवशी फोनचा खाडा.

"म्हणजे तीच काहीतरी बटणं दाबत असणार," अनंतराव म्हणाले.

"मी तर म्हणते काढून टाका," आतून आवाज आला. "विचारलं होतं मी तिला, हात लावतेस का म्हणून. फुरंगटली."

"आई, तिला काढली तर धुणं कोण धुणार?" रजनीबाईंनी विचारलं.

"ते तू बघ."

रजनीबाईंना बटणांचं पटलं नाही. बटण दाबून बिघडलेला फोन संध्याकाळी आपोआप बरा होत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडून बसल्या. बैठकीवर एक बटण होतं; ते दाबलं की आतला फोन पिपाणीसारखा वाजे. सरुबाईचं एकेक काम झालं की त्या ते बटण दाबत.

केर काढून झाला. "वाजला!" सुमनताई ओरडल्या.

लादी पुसून झाली. "वाजला!"

भांडी झाली. "वाजला गं! किती वेळा दाबतेस?"

सरुबाई फडकं पिळत दारात उभी राहिली. ती जळगावकडची, नवरा रांध्याच्या एका कारखान्यात. "बाई, माझ्यावर पाळत ठेवून बसल्या का तुम्ही?"

"तुझ्यावर नाही, फोनवर."

"म्या त्याले फडकंबी मारत नाही. करंट लागला तं? आजीले सांगितलं मी, पण त्यायले खोटं वाटतं."

"मला नाही वाटत. तू तुझं रोजचं काम कर, काहीही वेगळं करू नकोस."

कपडे धुवायचा दगड त्याच खिडकीखाली होता. सरुबाईने धुणं आपटलं, पिळलं, दोरीवर घातलं. "वाजला!" मग तिने मोठा जस्ताचा टब उपडा करून निथळवला, उचलला आणि त्याच्या कानाने खिडकीच्या ग्रिलला अडकवला. खोलीत एकदम अंधारलं. रजनीबाईंनी बटण दाबलं.

आतून काही नाही.

पुन्हा दाबलं. "आई, वाजला का?"

"कुठे दाबलंस?"

"सरुबाई, टब खाली घे."

टब खाली आला. "वाजला!" टब वर गेला. शांतता. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा सरुबाईने टब दगडावर आदळला. "आता हा काय खेळ चालवला बाई? टबाचं अन् फोनचं काय लागतं?"

टब आणि अँटेना यांच्यात वीतभर अंतर होतं. बरोबर अँटेनेसमोर पत्र्याची भिंत उभी राहत होती; इतक्या जवळचा पत्रा फोनच्या लहरी खाऊन टाकत होता. आणि ती रोज संध्याकाळी रजनीबाई स्वतःच काढत होत्या. साडेपाचला घरी आल्यावर नळाला पाणी येई. पहिलं काम टब उतरवून भरायला लावणं. भास्कर यायचा तो त्यानंतर. सरुबाईचा खाडा असला की धुणं संध्याकाळवर पडे आणि टब दिवसभर मोरीत राही.

"पण इथे का टांगतेस?"

"खाली ठेवला तं कुत्रं तोंड घालतं. तुम्हीच बोलल्या होत्या मागं."

बोलल्या होत्या. रजनीबाईंनी हातोडी आणली आणि मागच्या भिंतीला, सरुबाईच्या हाताला येईल अशा उंचीवर, मोठा खिळा ठोकला. मग आत जाऊन सासूबाईंना म्हणाल्या, "फोन टबामुळे बंद पडत होता. सरुबाईने त्याला हातही लावला नव्हता."

"बरं," सुमनताई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी सरुबाईला हाक मारून चहा घेऊन जायला सांगितलं. माफी त्यांनी मागितली नाही. सरुबाईने चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली.

पुढचे तीन आठवडे एकही टिंब पडलं नाही. तरी अनंतरावांनी नोकरीचा विषय मिटवला नव्हता. "तू लावतेस तेव्हा लागतो. तिने लावला तर?" असं ते म्हणत, आणि ते चूक नव्हतं. जुलैतल्या त्या दुपारनंतर सुमनताईंनी स्वतःहून फोन कधी केलाच नव्हता.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना सातवीच्या वर्गात अपूर्णांक चालू होते. शिपाई गजानन दारात आला. "बाई, घरून फोन. लवकर या म्हणतात."

रजनीबाई खडू हातात घेऊनच पळाल्या. "आई, काय झालं? पडलात का?"

"पडायला काय झालंय? लागतो का ते बघितलं."

"तासाला होते मी."

"मग जा की. आणि त्याला सांग आज, मी लावला आणि लागला म्हणून. नुसतं मीच सांगितलं तर त्याला वाटेल तू पढवलंयस." तिकडे बटण दाबल्याचा टिक आवाज आला.

रजनीबाई वर्गात परतल्या. फळ्यावर अर्धवट राहिलेली बेरीज होती, खाली मुलांनी तीन वेगवेगळी उत्तरं लिहून ठेवली होती. त्यांनी तिन्ही पुसली आणि छेद समान करण्यापासून पुन्हा सुरुवात केली.