मुखपृष्ठावरची मावशी

"मागं तळं, तळ्यावर धुकं, धुक्यात मुलीचा चेहरा," डॉक्टर म्हणाले. "आणि एक घुबड."

घुबड मी नाकारलं. इतकी वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं काढतोय; घुबडानं खपलेलं पुस्तक मला आठवत नाही.

डॉक्टर निवृत्त सर्जन. ही त्यांची पहिली रहस्यकादंबरी. प्रकाशन समारंभाचे पाहुणे, शाली, सूत्रसंचालक सगळं ठरलं होतं. मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं. गोष्ट घरातलीच. त्यांची मावशी सुशीला डॉक्टरांच्या जन्माआधी कळंब्याच्या तळ्यावर गेली, ती परतलीच नाही. काठावर चपला सापडल्या. आजोबांनी तिचे फोटो जाळले आणि तिचं नाव काढायची घरात बंदी केली. कादंबरीत आजोबाच खुनी होते.

फोटो नाही, मग चेहरा आणायचा कुठून? तिला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, डॉक्टरांची आई. त्यांना सगळे आक्का म्हणतात. डॉक्टरांच्या मंगळवार पेठेतल्या घरी मी रफ घेऊन गेलो. रफ म्हणजे कच्चं पेन्सिलचित्र. अशा वेळी ते मी मुद्दाम चुकीचं काढतो. चेहरा कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही. कसा नव्हता हे सगळे सांगतात.

आक्कांनी चष्मा पुसून चित्र जवळ घेतलं. नाक एवढं सरळ न्हाय, म्हणाल्या. भुवया जवळ घ्या. मी खोडत गेलो, काढत गेलो. मग गाल आत गेले, डोळ्यांखाली काळं आलं.

"वरचे दोन दात न्हाईत, पावणं. ओठ आत जाऊ द्या. आणि केस पांढरे करा की."

"आक्का, मावशी वीस वर्षांची होती," डॉक्टर म्हणाले.

"तुझ्या पुस्तकात."

मी पेन्सिल खाली ठेवली.

मग आक्कांनी सगळं सांगितलं. सुशीला इतकी वर्षं जोतिबाच्या डोंगरावर होती. गुलाल-खोबरं विकणाऱ्या एका दुकानदाराशी तिनं लग्न केलं होतं. बाप शोधत जाईल म्हणून काठावरच्या चपला आक्कांनीच नेऊन ठेवल्या होत्या. कुणाला सांगणार नाही, असा बहिणीला शब्द दिला होता. पुढं दरवर्षी त्या जोतिबाला जायच्या. आपण जैन, तू जोतिबाला कशाला, असं मुलं विचारायची. त्या नवस आहे म्हणायच्या. गेल्या श्रावणात सुशीला वारली.

"एकदा मेलेल्या माणसाचं सुतक दुसऱ्यांदा कसं धरू?" आक्का म्हणाल्या. "तोंड धुताना रडून घेतलं. फोटो कधी ठेवला न्हाय, कुणी बघितला असता. हे चित्र मला द्या."

रहस्य तीनशे पानं टिकवताना लेखकांना घाम फुटतो, हे मी जवळून पाहिलंय. या बाईनं ते साठेक वर्षं, भाकऱ्या थापत, सुना-नातवंडांनी भरलेल्या घरात टिकवलं होतं. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो. एरवी मी कुणाच्या पडत नाही.

डॉक्टरांनी चित्र स्वतःकडं ओढून घेतलं. मग त्यांनी विचारलं, दुकान आता कोण बघतं?

"तिचा ल्योक. तुझ्याहून दोन वर्षांनी धाकटा."

समारंभ रद्द झाला. रफ आक्कांच्या खोलीत आहे, रोज ताजा हार असतो. कादंबरी कपाटात आहे. आजोबा निर्दोष सुटल्यामुळं आता खुनी उरला नाही, अशी लेखकाची तक्रार आहे. पुस्तकातलं रहस्य उलगडलं की खुनी सापडतो. घरातलं उलगडलं की मावसभाऊ सापडतो, आणि त्याला जेवायला बोलवावं लागतं.