दोन दत्ताराम, एक जून

जुने स्पिंडल, झिजलेले वायसर, कुठल्या तरी नळाची एकटीच मूठ, असलं सामान माझ्या गल्ल्याखालच्या खणात साठत जातं. टाकून द्यायला मन होत नाही. सरकारी पोर्टलांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. घाटकोपरच्या डोंगरावर माझं नळ-पाइपचं दुकान आहे. रिटर्न भरायला म्हणून एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, व्हिडिओ बघून बघून शिकलो, आणि हळूहळू अख्खी गल्लीच फॉर्म भरायला माझ्या काउंटरवर यायला लागली.

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी स्टुलावर येऊन बसायचे ते दत्तारामदादा. गवंडी माणूस, मूळचे मालवणकडचे. हृदयाची झडप बदलायची होती. हॉस्पिटलने तारीख देऊन ठेवलेली, फक्त सरकारी आरोग्य योजनेची ऑनलाइन मंजुरी हवी होती. मी कार्डाचा नंबर टाकला. स्क्रीनवर आलं, 'लाभार्थी मृत'.

दादांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "शेट, मी मेलंय तर ह्या छातीत दुखता ता कोणाच्या?"

तक्रार टाकली. उत्तर आलं, मृत व्यक्तीचा अर्ज स्वीकारता येत नाही, वारसाने अर्ज करावा.

तारीख जवळ येत होती आणि सर्व्हर नुसता गोल गोल फिरत होता. तो फिरत असताना आमच्या गप्पा चालायच्या.

*

एकदा पाण्याचा सर्व्हे निघाला होता. प्रत्येक घरातल्या नळाचा फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा. सर्व्हेवाला आला तो भर दुपारी. वर चढत गेलेल्या पायऱ्या बघितल्या, घाम पुसला आणि माझ्या दुकानात पाणी मागितलं. पाणी पिता पिता त्याची नजर भिंतीवरच्या डिस्प्ले बोर्डवर गेली. पितळी, क्रोम, लांब चोचीचे, सगळे नवेकोरे नळ. त्याने शांतपणे एकेकाचा फोटो काढला आणि नमस्कार करून गेला.

पुढे वरच्या आळीतल्या शेवंतामावशींनी पाणी येत नाही म्हणून तक्रार केली. पोर्टलने फोटोसकट उत्तर दिलं, 'आपल्या घरी नळ उपलब्ध आहे.'

मावशींनी फोटो न्याहाळला. "नळ छान आहे रे. घरातल्या कुठल्या भिंतीला आहे तेवढं विचार त्यांना."

मला राग नाही आला, खरं सांगतो. माझा डिस्प्ले बोर्ड सबंध डोंगराला नळ पुरवत होता. एवढा धंदा मी जन्मात केला नव्हता.

*

आमच्याकडची पद्धत अशी, की फॉर्मवर मोबाईल नंबर द्यायचा तो दुकानाचा. घरातला फोन पोरगा घेऊन जातो, सिम बदलतं, शेठचा नंबर मात्र कायम. पत्ता लिहायचा तोही 'पाइपच्या दुकानामागे'. कॉम्प्युटरने यातलं 'मागे' कधी गाळलं, देव जाणे.

एक दिवस पडताळणीला साहेब आले. हातात टॅब. दुकान आतून बाहेरून बघून म्हणाले, "इथे एवढी माणसं राहतात?"

मी म्हटलं, "राहतात ना साहेब, उभी राहतात. बसायला एकच स्टूल आहे."

*

आणि एक जून! गावाकडे शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, भातलावणीच्या वेळचा. मास्तर लिहायचे, एक जून. त्यामुळे आमच्या गल्लीतली अर्धी माणसं एकाच दिवशी जन्मलीत. त्या दिवशी पहाटेपासून माझा फोन वाजत असतो. मंडळं, योजना, सगळ्यांच्या शुभेच्छा, वेगवेगळ्या नावांनी, पण माझ्याच नंबरवर.

बायको चहा ठेवता ठेवता विचारते, "अहो, आज कितव्यांदा जन्मलात?"

हे मी सांगत होतो आणि दादा हसता हसता थांबले. "शेट, आमच्या वाडीत अजून एक दत्ताराम होतो. माझो चुलतभाव. बापाचा नाव पण विठ्ठलच. लगीन केल्यान नाय, कुर्ल्याक एकटोच ऱ्हवायचो. दिवाळीत गेलो."

"त्याचा फॉर्म कोणी भरला होता?"

"तुमीच."

नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, जन्म एक जून, मोबाईल माझा. यंत्रणेने दोघांना एक माणूस धरलं होतं. एक गेला तेव्हा दोघेही गेले. एवढ्या मोठ्या देशाचा हिशेब ठेवणारं यंत्र, आणि त्याने दादांच्या वाडीतल्या मास्तरांवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

*

दादांना घेऊन थेट योजनेचं ऑफिस गाठलं. तिथल्या मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "अंगठा ठेवा." मशीन नाही म्हणालं. आयुष्यभराच्या सिमेंटने अंगठ्यावरच्या रेषा पार खाऊन टाकल्या होत्या. मग मॅडमनी डोळे तपासायचं यंत्र लावलं. "काका, डोळे उघडे ठेवा. हलू नका."

दादा पुटपुटले, "मेलेल्याक सोपा आसा ता."

स्क्रीन हिरवी झाली. लाभार्थी जिवंत. मंजुरी आली, ठरल्या तारखेला झडप बदलली, आणि मे संपता संपता दादा पुन्हा माझ्या स्टुलावर.

एक जूनला फोन नेहमीसारखा वाजत होता. 'दत्ताराम विठ्ठल परब, वाढदिवसाच्या शुभेच्छा.' मी दादांना वाचून दाखवलं. लगेच दुसरा मेसेज. तेच नाव, पण कार्डाचा शेवटचा आकडा वेगळा.

मी मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी बघितलं. "अय्या, दोघांना एकच धरलं होतं ना, त्यामुळे दोघेही जिवंत झालेत. जे वारले त्यांना आत्ताच्या आत्ता परत मृत करते. काकांना विचारा, करू ना?"

दादांनी शर्टाच्या आत टाक्यांवर हात ठेवला. मग खाली वाकून हळूच म्हणाले,

"आज नको ओ मॅडम. आज त्याचो पण वाढदिस आसा."