कूलरच्या पाठीमागची चूल

भांडायला मला कोणी शिकवलं नाही, ते अंगातच आहे. अकोल्यातलं आमचं घर एका दालमिलच्या मागच्या गल्लीत. दोरीवरच्या कपड्यांवर टरफलांचा पिवळट भुगा बसायचा आणि घरात ह्यांना दम लागायचा. दोन्हीचा दोष मी मिलमालकावर टाकून मोकळी झाले होते. गेल्या उन्हाळ्यात ह्यांचे ओठ निळे पडले, दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, "धूळ-धूर अजिबात चालणार नाही. पुन्हा असं झालं तर मी जिवाची खात्री देऊ शकत नाही." ह्यांना घरी निजवलं आणि मी तशीच मिलच्या फाटकावर गेले. मालकाला असं काही बोलले, की हमाल पोती खाली ठेवून बघत राहिले.

धाकटा दीर अमरावतीला कॉलेजात हवेचं प्रदूषण शिकवतो. त्याला फोन केला. "भाऊजी, तुमचं ते मशीन घेऊन या. मले पुरावा पाहिजे. मिलले कुलूप लागल्याशिवाय मी गप बसत नाही."

तो आला. मशीन जेवणाच्या डब्याएवढं, वर पडद्यावर हवेतल्या घाणीचा आकडा. ह्यांच्या उशाशी ठेवत म्हणाला, "वहिनी, डोळ्याले दिसते ते भुसकट नाकातच अडकते. छातीत खोल जाते ते दिसत नाही, इतकं बारीक असते. अन् ते कुठूनही येते. गाड्यांतून, जाळलेल्या कचऱ्यातून, फोडणीतून."

"फोडणीतून? मंग साऱ्या वऱ्हाडानं उपाशी मरावं काय?"

तो हसला. मिल सुरू झाली, आकडा थोडा चढला आणि तिथंच राहिला. दुपारी मी मिरचीची फोडणी घातली तर टुणकन उडाला. त्यानं स्वयंपाकघरातला पंखा लावला, आकडा उतरला. "हा लावत जा," म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोर एवढी धूळ उडतेय आणि ह्याचं मशीन माझ्या कढईवर खेकसतंय!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ह्यांच्याजवळच होते. कूलर चालू होता. आकडा हलला. मग चढायला लागला, थांबेचना. हे उठून बसले, गुडघ्यांवर हात टेकले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. मी ओरडले, "भाऊजी, पहा तुमची मिल!"

दीर धावत आला. "वहिनी, मिल बंद आहे अजून," तो म्हणाला आणि कूलरकडे बघायला लागला. मीही बघितलं. कूलर खिडकीबाहेर, त्याची पाठ मागच्या अंगणाकडे. त्या पाठीपासून हातभर अंतरावर सासूबाईंची चूल. हे दवाखान्यातून आल्यापासून, गॅसच्या भाकरीत ताकद नाही म्हणून त्या लेकासाठी रोज पहाटे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर ज्वारीची भाकर भाजत होत्या, वाफाऱ्याला ओव्याचं पाणी उकळत होत्या. धूर घराबाहेर आहे म्हणून मीही निर्धास्त होते. आणि तो सगळा धूर कूलर आपल्या गवताच्या जाळीतून ओढून ह्यांच्या तोंडावर फेकत होता.

मी कूलर बंद केला. दिरानं ह्यांना धरून पुढच्या ओसरीत नेलं, औषधाचा पंप दिला. बऱ्याच वेळानं शिट्टी थांबली.

"चोर सोडून संन्याशाले धरलं आपण," दीर हळूच म्हणाला.

"संन्यासी कायचा? माह्ये कपडे पहा एकदा!" मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात सासूबाई भाकर आणि वाफाऱ्याचं पातेलं घेऊन आत आल्या. "कूलर काहून बंद केला? पोराले उकडून राहिलं असन ना!"

दीर भिंतीकडे बघायला लागला. मला वाटलं, काही बोलू नये, कूलरच दुसऱ्या खिडकीला लावावा. पण तीही त्याच अंगणात उघडते. डॉक्टरांचे शब्द कानात होते.

"आई," मी म्हटलं, "ह्यांले दम लागला तो धुरानं. कूलर ओढून राहिला. तुमच्या चुलीचा धूर."

त्या आधी हसल्या. "माह्या चुलीचा? अवं, मी तर त्याच्यासाठीच..." भाकर त्यांनी तिथंच ठेवली, अंगणात गेल्या आणि लेकासाठी उकळलेलं ओव्याचं पाणी चुलीत ओतलं. राख भसकन उडाली. त्या चुलीशेजारीच बसल्या. "मंग मी त्याच्यासाठी करू तरी काय?"

मला रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा, ते कळेना.

मागं हे भिंत धरत दारापर्यंत आले होते. "बाहेर येऊ नका!" मी ओरडले. ते उंबरठ्यावरच थांबले. एक शब्द, मग श्वास, असं करत म्हणाले, "माय, गॅसवर टाक. पन भाकर... तूच टाक."